साडेआठचा भाग

अप्पा देवरे यांनी आमच्या दाराची बेल पहिल्यांदा वाजवली ती तक्रार घेऊन. इंदिरानगरच्या त्या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते. निम्मी खोकी अजून बांधलेलीच होती, टीव्ही तेवढा लावून झाला होता. दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बारीक कातरलेली मिशी.

"मी समोरचा देवरे," ते म्हणाले. "तुमच्याकडची बाई आमच्या आधी रडते."

मला वाटलं, माझ्याबद्दलच काहीतरी गैरसमज झालाय. मी म्हटलं, "नाही हो, मी नाही रडले."

"तुम्ही नाही. सिरीजमधली. ती तुमच्याकडं रडते, मग मिनिटभरानं आमच्याकडं रडते. भिंत पातळ आहे. आमच्या माईंना आधीच कळून जातं की आता रडणं येणार. त्यांची मजा जाते."

आत सोफ्यावर प्रशांत, माझा नवरा, उशीत तोंड खुपसून हसत होता. मी विचारलं, "मग काय करायचं म्हणता?"

"दोघांनी एकदम सोडायचं."

"काय सोडायचं?"

"भाग," अप्पा म्हणाले, आणि शर्टाच्या खिशातून त्यांनी पितळी शिट्टी काढली. "मी जिन्यात उभा राहून शिट्टी देईन. शिट्टी झाली की तुम्ही बटण दाबा. उद्या गुरुवार. साडेआठ."

त्यांच्या बोलण्यात विनंतीही नव्हती आणि दमदाटीही नव्हती. बसस्थानकावर आपण बाकड्यावर बसलेले असतो, वरच्या कर्ण्यातून आवाज येतो आणि आपण काही न विचारता पिशवी उचलून चालू लागतो, तसं झालं. दुसऱ्या दिवशी साडेआठला जिन्यात शिट्टी वाजली आणि मी बटण दाबलं.

आवाजाचं कोडं नंतर उलगडलं. अप्पांची सगळी नोकरी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून झाली होती. काचेच्या खोलीत बसायचं, गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि माईकवरून सांगायचं, की प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, वणीमार्गे जाणारी बस अमुक फलाटावर लागलेली आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती भाषा काही त्यांच्या तोंडातून उतरली नव्हती. "चहा लागला का?" असं ते स्वयंपाकघराकडे पाहून विचारायचे. त्यांच्याकडे पाहुणे यायचे नाहीत, दाखल व्हायचे. जायचे नाहीत, सुटायचे. पाहुणा सुटला की अप्पा फाटकापर्यंत जात आणि रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथंच उभे राहत. सकाळी मी स्कूटर काढली की ते हात आडवा धरायचे, रस्त्याच्या दोन्ही बाजू बघायचे आणि मगच म्हणायचे, "चला." त्यांनी "चला" म्हटल्याशिवाय आपण का निघत नाही, हा प्रश्न मला पहिले काही महिने पडायचा. पुढे तोही पडेनासा झाला.

मूळचे ते सटाण्याकडचे. एरवी बोलणं अगदी छापील, पण चिडले किंवा गडबडले की तिकडची अहिराणी वर यायची. मग समोरच्यानं समजून घ्यावं, की आता प्रकरण गंभीर आहे.

हा गुरुवारचा खटाटोप कशातून सुरू झाला, ते मला माईंनी सांगितलं. माई म्हणजे मालतीबाई, त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, गोऱ्या, सदा कसला तरी पाला निवडत बसलेल्या. एकदा म्हणे त्या ओट्यापाशी मोबाईल टेकवून, कानात वायर घालून काहीतरी बघत होत्या आणि मोठ्यानं हसल्या. अप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. ते उठून आत आले आणि म्हणाले, "काय झालं?" माईंनी एका कानातली वायर काढली आणि म्हणाल्या, "तुम्हाला नाही कळायचं. पहिल्यापासून बघावं लागतं."

अप्पा परत बाहेर जाऊन बसले. दोन दिवस घरात फारसं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विंचूरला दिलेल्या मुलीला, रेखाला, फोन केला. "तुझी आई घरात आहे पण घरात नाही," ते म्हणाले. "काहीतरी व्यवस्था कर." रेखानं मोठा टीव्ही पाठवला, सगळी खाती जोडून दिली आणि फोनवरून कसं लावायचं ते शिकवलं. अप्पांनी पडद्यावरची मालिकांची यादी खालपर्यंत पाहिली. पुन्हा वरपर्यंत पाहिली. मग माईंना म्हणाले, "सगळ्या गाड्या एकाच वेळी फलाटावर उभ्या केल्या तर माणूस बसणार कशात? एक सांग. तू न पाहिलेली. दोघं पहिल्यापासून बघू. आठवड्याला एक भाग, जास्त नाही."

माईंनी एक नाव पुढं केलं. ते नाव आता आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात नाही. आम्ही सगळे तिला "आपली सिरीज" म्हणायचो. कोकणातल्या एका गावात शाळेच्या मुख्याध्यापिका एका सकाळी नाहीशा होतात आणि इन्स्पेक्टर तांबट त्यांना शोधत फिरतो, अशी गोष्ट. मुख्याध्यापिकांची आई फार रडायची. पहिल्या दिवशीची तक्रार तिच्याचबद्दलची. योगायोगानं आमच्याकडंही तेव्हा हीच सिरीज चालू होती. तांबटला कायम सर्दी असे. दर दोन वाक्यांनी तो रुमाल काढायचा आणि माई टीव्हीला म्हणायच्या, "अरे, वाफ घे ना बाबा."

आमच्यानंतर वरच्या मजल्यानं तक्रार केली. त्यांना खालच्या दोन घरांतून एकदम दार आपटल्याचा आवाज यायचा आणि कोण आलं ते कळायचं नाही. अप्पा म्हणाले, मग तुम्हीही या. त्यानंतर शेजारची विंग. हां हां म्हणता गुरुवारी साडेआठला अप्पा जिन्यात न थांबता खाली पार्किंगमध्ये उभे राहून शिट्टी द्यायला लागले. त्याआधी दहा मिनिटं सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा आवाज यायचा. "प्रेक्षकांनी कृपया लक्ष द्यावे. आजचा भाग साडेआठ वाजता आपापल्या घरातून सुटेल. सुरुवातीची नावे कोणीही गाळू नयेत. त्या लोकांनी कामे केलेली आहेत."

लोकांनी हे का ऐकलं, असं मला पुष्कळांनी विचारलंय. माझ्यापुरतं सांगायचं तर त्याआधी आमच्या घरात दोन माणसं दोन खोल्यांत दोन गोष्टी बघायची. जेवताना एकानं काही सांगायला सुरुवात केली की दुसरा म्हणायचा, सांगू नको, मी बघणार आहे. बघायचा कोणीच नाही, आणि बोलणं तेवढं बंद. गुरुवार सुरू झाल्यावर शुक्रवारी सकाळी भाजीच्या गाडीपाशी अर्धी सोसायटी उभी दिसायला लागली. मेथीची जुडी हातात धरून बायका तांबटच्या सर्दीवर काढे सुचवायच्या. त्यातल्या निम्म्या बायकांची नावं मला त्या गाडीपाशी कळली.

अडचण एकच होती, ती इंटरनेटची. शिट्टीला सगळे एकदम बटण दाबायचे, पण कोणाचं चक्र फिरत राहायचं, कोणाचं धाडकन सुरू व्हायचं. विनोद आला की हसू आधी तळमजल्यावर व्हायचं, मग दुसऱ्यावर, मग पलीकडच्या विंगेत. अप्पा वर माईंकडे जाण्याआधी थोडा वेळ पार्किंगमध्ये मान वर करून ते ऐकायचे आणि ग्रुपवर सांगायचे, "ब विंग विलंबाने धावत आहे. अ विंगेने कृपया थांबावे." आणि अ विंग थांबायची. पडद्यावर तांबट रुमाल नाकाला लावून गोठलेला असायचा आणि आम्ही ब विंगेची वाट बघत बसायचो.

एकदा ऐन रंगात वीज गेली. तांबट विहिरीत वाकून बघत होता आणि अंधार झाला. अप्पा तेव्हा घरात माईंशेजारी बसून बघत होते, ते तसेच खाली आले. सोसायटीचे चेअरमन बोरस्ते यांच्याकडे इन्व्हर्टर होता. त्यांच्या खिडकीत उजेड होता आणि आतून संगीत ऐकू येत होतं.

"बोरस्ते," अप्पांनी खालून हाक मारली, "थांबवा."

बोरस्ते खिडकीत आले. "अप्पा, माझी वीज आहे, मी का थांबू? मी हजारो रुपये घालून इन्व्हर्टर घेतलाय तो कशाला?"

"पंख्याला," अप्पा म्हणाले. "तुम्ही विहिरीत काय आहे ते बघाल, आणि उद्या तोंड बंद कसं ठेवाल? तुमचं तोंड मला माहीत आहे."

बोरस्तेंना स्वतःचं तोंड माहीत होतं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची घेऊन खाली आले. मग बाकीचेही आले. वीज येईपर्यंत विहिरीत काय असेल यावर पार्किंगमध्ये इतका वाद झाला की ती आल्यावर वर जायला कोणी तयार होईना. विहिरीत शेवटी नुसती बादली निघाली. पण ती संध्याकाळ मला अजून आठवते.

या सगळ्यात एकच माणूस बसत नव्हता, तळमजल्यावरचे पाटणकर. बँकेतून निवृत्त, एकटे, आणि सगळ्या सोसायटीत त्यांचं इंटरनेट सगळ्यात वेगवान. ते काहीही बघायचे ते दीडपट वेगानं. "आयुष्य थोडं राहिलंय, बघायचं खूप आहे," असं त्यांचं म्हणणं. दीडपट वेगानं ऐकून ऐकून ते बोलायचेही तसंच. आपली सिरीज त्यांनी एका रविवारात संपवली होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. ते कळलं भाजीच्या गाडीपाशी. कोणीतरी म्हणालं, तांबटनं आता खरंच डॉक्टरला दाखवायला हवं. पाटणकर वांगी निवडत होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कशाला? शेवटी मरतोच तो."

भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला. माई तिथं नव्हत्या, एवढं एक नशीब.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बैठक झाली. पाणीटंचाईच्या बैठकीलाही इतके लोक आलेले मी पाहिले नव्हते. पाटणकर प्लास्टिकच्या खुर्चीत मध्ये बसले. कोणी म्हणालं, त्यांचं वायफाय काढा. कोणी म्हणालं, त्यांना ग्रुपमधून काढा. बोरस्ते म्हणाले, नियमावलीत यासाठी काही कलम नाही. अप्पा सगळं ऐकून घेत उभे होते. चेहरा उतरलेला होता. मग ते म्हणाले, "पाटणकर, तुम्ही पुढं जाऊन उतरलात. त्याला काही शिक्षा नाही. पण मागं येऊन गाडीतल्या माणसांना सांगितलंत, की पुढं पूल पडलाय. आता त्यांनी खिडकीतून बाहेर बघायचं कसं?"

"चुकून बोललो," पाटणकर म्हणाले.

"मान्य. तुम्ही आता आहे तिथून पुढं पुन्हा बघायचं. आमच्याबरोबर. साध्या वेगानं. आणि खिडकी उघडी ठेवून दचकायचं."

"दचकायचं?"

"जिथं दचकायचं तिथं. आम्हाला ऐकू आलं पाहिजे."

पाटणकर बँकेत होते, त्यांना नियम पाळायची सवय असावी. त्यांनी मान डोलावली. पहिल्या गुरुवारी त्यांचं दचकणं फारच कृत्रिम झालं. दुसऱ्या वेळी सुधारलं. नंतर नंतर तर ते इतकं चांगलं दचकायला लागले, की पडद्यावर काही झालं तरी आम्ही तळमजल्यावरून "अरे बाप रे" येण्याची वाट बघायचो आणि ते आलं की निवांत व्हायचो. साध्या वेगानं बघितल्यावर त्यांना सिरीज आवडायलाही लागली होती. माणसं मध्ये मध्ये गप्प बसतात, हे त्यांच्या पहिल्या वेळेस लक्षातच आलं नव्हतं.

सिरीज संपायला दोन भाग उरले होते तेव्हा माईंच्या छातीत कळ आली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली.

अप्पांनी त्या गुरुवारी ग्रुपवर सांगितलं, "अपरिहार्य कारणामुळे आजचा भाग रद्द करण्यात आलेला आहे. पुढील सूचनेपर्यंत कोणीही भाग सोडू नये." मग ते प्रत्येक घरी जाऊन आले. आमच्याकडे आले तेव्हा उभ्यानंच म्हणाले, "माईंना तांबटचं कळता कामा नये. डॉक्टर म्हणाले, मनाला धक्का नको. तुम्ही भेटायला याल तेव्हा चेहरा सांभाळा."

प्रशांत म्हणाला, "अप्पा, तो नट आहे. तो जिवंत आहे. तेलाच्या जाहिरातीत दिसतो."

"ते मला कळतं," अप्पा म्हणाले. "माईंनाही कळतं. तरी पण."

दवाखान्यात त्यांनी आणखीच कहर केला. माईंच्या वॉर्डात शिरताना ते आधी प्रत्येक खाटेपाशी जाऊन नातेवाइकांच्या मोबाईलमध्ये डोकावायचे. एक नर्स जेवणाच्या सुट्टीत नेमकी आपलीच सिरीज बघत बसलेली सापडली. अप्पांनी तिला विचारलं, "सिस्टर, कितव्या भागावर?" तिनं घाबरून शेवटचा सांगितला. त्यांनी हात जोडून तिला कॉरिडॉरच्या पार टोकाला, जिन्यापलीकडे नेऊन बसवलं आणि तिचं संपेपर्यंत मध्ये पहारा देत उभे राहिले.

ऑपरेशनच्या सकाळी मी रेखाबरोबर तिथं होते. माईंना स्ट्रेचरवरून नेत होते. त्यांनी अप्पांचा हात धरला आणि विचारलं, "अहो, तांबटची सर्दी बरी होईल का हो?"

"होईल," अप्पा म्हणाले. "शेवटच्या भागात होते म्हणे."

दार बंद झालं. अप्पांनी तिथल्या माणसाला विचारलं, बाहेर कधी आणणार. तो म्हणाला, "काका, वेळ सांगता येत नाही." जन्मभर लोकांनी त्यांना गाडीची वेळ विचारली होती आणि त्यांनी कधी हे उत्तर दिलं नव्हतं. आता रागावतील असं मला वाटलं. ते मान हलवून बाकावर बसले आणि पुढचे कितीतरी तास त्यांनी घड्याळाकडं पाहिलं नाही. दुपारी रेखानं चहा आणला तर म्हणाले, "ठेव." तो तसाच निवला.

माई बऱ्या झाल्या. घरी आल्या. तरी अप्पा भाग सोडेनात. आधी म्हणाले, टाके वाळू देत. मग म्हणाले, जिना चढू दे. आमची चुळबूळ सुरू झाली होती, पण गंमत अशी की कोणी फुटून बघितलं नाही. शेवट कळला होता, तरी कोणाला तो बघण्याची घाई नव्हती. आपण बटण दाबत नाही तोवर तांबट गावात रुमाल घेऊन फिरतोय, असंच आमचं चाललं होतं.

शेवटी माईच म्हणाल्या, की किती दिवस लांबवणार. अप्पांनी घोषणा केली. पार्किंगमध्ये आले, वर सगळीकडे बघितलं, शिट्टी दिली.

काहीच आवाज आला नाही. सुरुवातीचं संगीत नाही, समुद्र नाही. मग तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "अप्पा, दिसत नाही." पलीकडून, "आमच्याकडं पण नाही." मी आमच्या टीव्हीवर सगळीकडे शोधलं. सिरीजच नव्हती. त्या जागी कुठल्यातरी परदेशी स्वयंपाकाचा कार्यक्रम होता.

अप्पा धावत वर आले आणि आमच्या टीव्हीसमोर उभे राहिले. "हाई काय शे?" ते म्हणाले. "गाडी कोठे गई?"

रेखाला फोन लावला. ती म्हणाली, "अप्पा, त्यांचे हक्क संपले असतील. असं करतात ते. काढून टाकतात."

"काढून टाकतात म्हणजे? मधल्या प्रवाशांचं काय?"

प्रशांतनं कंपनीच्या मदत केंद्राशी लिहून बोलायचा प्रयत्न केला. पलीकडून यंत्र उत्तरं देत होतं. ते म्हणालं, आपल्याला आवडतील अशा आणखी मालिका आम्ही सुचवू शकतो. अप्पांनी प्रशांतला लिहायला सांगितलं, "आम्ही उतरलेलो नाही." यंत्रानं धन्यवाद दिले आणि या संभाषणाला किती तारे द्याल, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी सोसायटी पाटणकरांच्या दारात उभी राहिली. आता सोसायटीत शेवट माहीत असलेला तो एकच माणूस होता.

"मी सांगणार नाही," पाटणकर म्हणाले. "मला शिक्षा झालेली आहे."

"शिक्षा माफ," अप्पा म्हणाले.

"तसं नाही चालत. सगळ्यांसमोर झाली, सगळ्यांसमोर माफ करा."

मग पुन्हा पार्किंग, पुन्हा प्लास्टिकच्या खुर्च्या. पाटणकर मध्ये बसले, या वेळी उशी ठेवून. माईंना अप्पांनी शाल पांघरून पुढच्या रांगेत बसवलं आणि स्वतः मागं उभे राहिले. त्यांनी माईंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता, तो बहुधा धक्का बसलाच तर आधाराला.

पाटणकरांनी चांगलं सांगितलं. साध्या वेगानं सांगितलं. होडी आली, पाऊस आला, तांबट मुख्याध्यापिकांच्या बंद घरापाशी आला. "आणि मग," पाटणकर आवाज खाली आणून म्हणाले, "मागच्या दारातून शाळेचा तो शिपाई येतो, हातात कोयता—"

"मागच्या दारातून नाही," माई म्हणाल्या. "गच्चीवरून."

पाटणकर थांबले. "दारातून, माई."

"गच्चीवरून उतरतो. दाराला तर कुलूप होतं. आणि तांबट मरत नाही, भाजीच्या गाडीपाशी तुम्ही काहीही म्हणाला असलात तरी. तो खाडीत पडतो आणि कोळी त्याला काढतात. तुम्हाला मध्ये डुलकी लागली असणार. तुम्ही उठलात तेव्हा हार घातलेला फोटो दिसला असेल, तो शिपायाचा. तांबट शेवटी मुख्याध्यापिकांच्या अंगणात बसून वाफ घेतो."

आधी पाटणकरांनी आठवून बघितलं आणि कबूल केलं, की डुलकी लागली होती खरी. मग हळूहळू सगळ्यांच्या माना अप्पांकडं वळल्या. खुर्चीच्या पाठीवरचा हात त्यांनी काढून घेतला होता.

"तू पाहिली होतीस," ते म्हणाले.

"हो."

"केव्हा?"

"तुम्ही आत येऊन काय झालं विचारलंत ना, तेव्हा हीच तर बघत होते. तांबट शिंकतो आणि चोर सापडतो, तिथं हसले होते."

अप्पा माईंच्या समोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "दर गुरुवारी तू घाबरत होतीस. विहिरीच्या वेळी माझा हात धरला होतास."

माई म्हणाल्या, "पाटणकर दचकत होते ते चालत होतं की."

कोणीतरी हसलं. अप्पा जिना चढून वर निघून गेले. आम्ही खुर्च्या आवरल्या. माईंना वर न्यायला मी थांबले. जिन्यात पायरीपायरीला थांबत आम्ही चढत होतो, तेव्हा मी विचारलं, "माई, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? दुसरं काहीतरी लावलं असतंत."

"मला आवडली होती ती," त्या म्हणाल्या. थोडा श्वास घेतला. "आणि गुरुवारी ते माझ्याशी बोलायचे गं. आता हा काय करेल, ती कुठं गेली असेल, मला विचारायचे. लग्न झाल्यापासून मला कधी कोणी विचारलं नव्हतं, पुढं काय होईल असं तुला वाटतं म्हणून."

अप्पा काही दिवस बाहेर दिसले नाहीत. मग एका सकाळी मी स्कूटर काढली तर फाटकाशी उभे. हात आडवा धरला, दोन्हीकडं बघितलं, पण "चला" काही म्हणेनात. मला वाटलं, विसरले.

"मला एकदाही कळू दिलं नाही तिनं," ते म्हणाले. "एवढे गुरुवार. मी शेजारी बसून." त्यांच्या आवाजात राग होता की कौतुक, मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही असावं. "पाटणकरांना तरी दचकायला शिकवावं लागलं."

गुरुवार त्यानंतर बंद पडला. अप्पांनी घोषणा केली नाही आणि दुसऱ्या कोणाला तो आवाज नव्हता. भाजीच्या गाडीपाशी थोडे दिवस माणसं सवयीनं थांबली. मग रेखा आई-वडिलांना विंचूरला घेऊन गेली. माईंना जिना नको, असं डॉक्टरांचंही म्हणणं होतं. समोरच्या घरात भाडेकरू आले. भिंत पातळच आहे, पण ते कानात घालून बघतात. काही ऐकू येत नाही.

मध्यंतरी येवल्याला एका लग्नाला गेले होते, येताना विंचूरला उतरले. रेखाच्या घरी कोणी नव्हतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, "समदे खळ्यावर हायेत." रेखाचे यजमान कांद्याचे व्यापारी. खळ्याच्या पत्र्याखाली कांद्याचा मोठा ढीग होता आणि भोवती बायका प्रतवारी करत बसल्या होत्या. मोठा एकीकडं, बारीक गोल्टी दुसरीकडं. माई मध्ये खुर्चीवर बसल्या होत्या आणि काहीतरी सांगत होत्या. कुठल्यातरी सिरीजची गोष्ट होती, मी न पाहिलेली. कोणी सासू होती, तिचं एक बंद कपाट होतं.

बायकांच्या रांगेत, गोणपाटावर मांडी घालून अप्पा बसले होते. पांढरा शर्ट होता, पण बाह्या दुमडलेल्या आणि दोन्ही हातांना कांद्याची सालं चिकटलेली. ते माईंकडं बघत प्रतवारी करत होते आणि मोठे कांदे सरळ गोल्टीत टाकत होते.

"अप्पा, तिकडं नाय, इकडं," शेजारची बाई म्हणाली. "लय मिसळून ऱ्हायलेत तुम्ही."

त्यांना ऐकूच आलं नाही. मी पुढं झाले, हाक मारली. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, आणि बोलू नका म्हणून बोट ओठांवर ठेवलं. मग गोणपाटावर थोडे सरकून बसले. मी चपला काढून त्यांच्या शेजारी बसले आणि हाताला येईल तो कांदा उचलला.

माई बोलायच्या थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "सांगा बरं, त्या कपाटात काय असेल?"

अप्पा हातातला कांदा तसाच धरून विचार करत राहिले. सगळ्या बायका त्यांच्याकडं बघत थांबल्या होत्या.